अक्कांच्या हाताने

मला माझ्याच सॉफ्टवेअरची किळस येते. हे ऐकून बायको म्हणते, "मग द्या ना सोडून." सोडवत नाही, त्याचीही किळस येते. दर सोमवारी सकाळी नशिराबादहून निघायचं, जळगावला एसटी बदलायची, एरंडोल-पारोळा करत धुळ्याला उतरायचं, पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात जायचं आणि त्या बियाण्याच्या कंपनीत त्याच हिरव्या स्क्रीनसमोर बसायचं. हिरवा रंग मालकांनी निवडला होता, शेतीचा धंदा म्हणून. आता रस्त्याने जाताना हिरवं शेत दिसलं तरी मला ती स्क्रीन आठवते.

कंपनी लहानशी. पुढे ऑफिस, मधे बियाणं तपासायची लॅब, मागे पत्र्याच्या शेडमध्ये पॅकिंग. मुख्य धंदा कांद्याच्या बियाण्याचा. गावोगावहून बी यायचं, प्रत्येक ढिगाला एक लॉट नंबर मिळायचा. मग त्या लॉटमधल्या शंभर बिया मोजून ओल्या कागदावर ठेवायच्या आणि बाराव्या दिवशी किती उगवल्या ते बघायचं. सत्तर तरी उगवल्या तर लॉट पास, नाहीतर नापास. पास झाला की मगच पुड्या भरायच्या. कांद्याचं बी फार नाजूक, एक वर्ष जुनं झालं की त्याचा भरवसा संपला, म्हणून ही बारा दिवसांची चाचणी म्हणजे सगळ्या धंद्याचा कणा.

हे सगळं वहीत चालायचं. मालकांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणत, आधी एक तयार सॉफ्टवेअर आणून पाहिलं. ते कोणालाच रुचलं नाही. मग मला बोलावलं आणि म्हणाले, "आपल्याला आपल्या पद्धतीचं पाहिजे." ज्या माणसाने सॉफ्टवेअरचा धंदा केला आहे त्याला हे वाक्य ऐकलं की पळून जावंसं वाटतं. आपली पद्धत म्हणजे काय, तर आज एक, उद्या दुसरी. मी पळालो नाही. उलट छाती फुगवून सांगितलं, "भाऊ, वहीत कोणी काहीही लिहू शकतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा नोंद झाली की पुसता येणार नाही. कोणी केली, कधी केली, सगळं राहील. वही खोटं बोलेल, कॉम्प्युटर बोलणार नाही." भाऊंना ते वाक्य इतकं आवडलं की आल्यागेल्याला ऐकवायला लागले. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

लॅब सांभाळायच्या अक्का. पन्नाशीच्या, शिंदखेड्याकडच्या, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला तेव्हापासून इथेच कामाला. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात चिमटा, आणि ओल्या कागदावरच्या बिया मोजताना ओठ हलायचे. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे मानायचे. आपल्याकडे हे आहेच, पेरणीचं पहिलं बी कोणी टाकायचं ते माणूस बघून ठरतं. अक्कांना त्यांच्या गावाहून, आजूबाजूच्या चार गावांतून बोलावणं यायचं. कोणाचं कांद्याचं रोप टाकायचं असलं की अक्कांनी वाफ्यात पहिली मूठ सोडायची, मग घरच्यांनी पुढचं. त्या रविवारच्या रविवारी एसटीने जाऊन मूठ सोडून यायच्या. त्या बाईला दुसरी मिरास नव्हती. मूलबाळ नाही, स्वतःची जमीन नाही. हात चांगला, एवढंच होतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

सॉफ्टवेअर सुरू केलं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, माऊसवर कुंकवाचं बोट उठलं ते अजून पुसलं गेलेलं नाही. पॅकिंगचे मुख्य होते नाना. नाना अहिराणीत म्हणाले, "अक्काना हात चांगला शे, पहिला लॉट त्यास्नीच उघडा." अक्का लाजल्या, खुर्चीवर टेकल्या, एका बोटाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. पासवर्ड मीच करून दिला होता, कांदा आणि पुढे एक दोन तीन चार. पहिला लॉट उघडला, म्हणजे त्याची नोंद चढवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

मी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला होता. चार दिवस ते चाललं. मग पॅकिंगमधल्या एकाने स्वतःच्या नावाने लॉट उघडला आणि नेमकी त्या लॉटला बुरशी लागली. झालं. दुसऱ्या सोमवारी जाऊन बघतो तर अक्कांचा पासवर्ड कागदावर लिहून तिन्ही कॉम्प्युटरना चिकटपट्टीने डकवलेला. सगळे लॉट अक्कांच्या नावाने उघडायचे, चाचणीचा निकालही अक्कांच्याच नावाने पास करायचा. शेडमधला माणूस शेडमध्येच बसून अक्का व्हायचा. त्यात चोरी-लबाडी कुणाच्या मनात नव्हती. हात लाभतो, म्हणून.

मी कपाळावर हात मारला. नानांना म्हणालो, "अहो, हे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सही करण्यासारखं आहे." नाना म्हणाले, "सही कुठे, फक्त नाव आहे." अक्कांना सांगितलं तर त्या हसल्या. "राहू द्या दादा, त्यांचं समाधान. माझ्या नावाने होत असेल चांगलं तर होऊ द्या." भाऊंकडे गेलो तर ते फोनवर. फोन ठेवून म्हणाले, "चालतंय ना? मग झालं. तेवढं रिपोर्टवर कंपनीचं चित्र, तो लोगो, मोठं करा." गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. मी चित्र मोठं केलं.

आता खरं सांगतो, मला तेव्हाच ते बंद करता आलं असतं. एका नावाने एकाच कॉम्प्युटरवर बसता यावं, एवढं करायला मला अर्धा दिवस पुरला असता. पण केलं असतं तर सगळ्यांनी सॉफ्टवेअर वापरणंच सोडलं असतं आणि भाऊ म्हणाले असते, तुमचं चालत नाही. म्हणून मी एक छोटी सोय केली आणि स्वतःला शहाणा समजलो. कोणत्या नावाने, याच्याबरोबर कोणत्या कॉम्प्युटरवरून, हीसुद्धा नोंद आत साठवायला लागलो. लॅब, शेड की ऑफिस. रिपोर्टमध्ये तसा रकानाही टाकला. पण कंपनीचं चित्र मोठं झाल्यावर छापताना कागदावर जागा पुरेना, शेवटचा रकाना अर्धा कापला जायचा. भाऊंना तो अर्धवट रकाना खटकला. मी तो काढून टाकला. आत माहिती राहिली, कागदावर नाही.

या कामात माणूस कसा सडत जातो ते बाहेरच्याला कळत नाही. दर आठवड्याला एक नवं बटण. "तेवढं एक बटण टाकून द्या." शेरा लिहायचा रकाना दिला तर हजार लॉटना एकच शेरा, ओके. कारण निवडा म्हटलं तर सगळे 'इतर' निवडायचे. सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून भर उन्हात नशिराबादहून धावत यावं तर प्लग निघालेला. आणि मी काय करत होतो, तर हो भाऊ, करतो भाऊ. सांगकाम्या. माझ्या लेकीने एकदा विचारलं, बाबा तुम्ही काय बनवता, तर मला बटणं एवढंच सुचलं.

दोन वर्षं अशी गेली. श्रावणात रांगड्या, म्हणजे उशिराच्या खरिपातल्या कांद्याची रोपं टाकायची घाई असते, तेव्हाची गोष्ट. अक्कांच्या मावशीचा दशक्रिया विधी होता, त्या दोन दिवस शिंदखेड्याला गेल्या. जाताना लॅबमध्ये एक लॉट चाचणीला लावलेला होता, आठवा दिवस होता, आणि अक्कांच्या वहीत लिहिलेलं होतं, बाराव्या दिवशी मोजणे, बी जुनं वाटते. होय, वही. माझं सॉफ्टवेअर आल्यावरही अक्कांनी वही सोडली नव्हती. मी त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

अक्का परत आल्या तेव्हा ट्रेवरचा कागद कोरडा होता आणि लॉट पास होऊन पुड्यांत भरून गावोगाव गेलेला होता. त्यांनी नानांना विचारलं. नाना म्हणाले, मागणी फार होती, उगवेल की. अक्का गप्प बसल्या. त्यांनी बोलायला हवं होतं असं नंतर सगळे म्हणाले. स्वतः कोण किती बोलतं ते मला माहीत आहे.

वीस-बावीस दिवसांत शेतकरी यायला लागले. कोणी रिकामी पुडी घेऊन, कोणी वाफ्यातली माती रुमालात बांधून. ओरडत कोणी नव्हतं. एक म्हातारे आबा होते, त्यांनी भाऊंच्या टेबलावर माती ठेवली आणि म्हणाले, "यात काही दिसतं का बघा." काहीच दिसत नव्हतं. ओली काळी माती, आणि तिच्यात न फुटलेल्या काळ्या बिया. रोप टाकायचे दिवस निघून गेले होते, दुसरं बी घेऊन टाकलं तरी हंगाम हुकला होता.

भाऊंनी मला फोन केला. "उद्या या. कोणी पास केला त्याची यादी काढून द्या. शेतकऱ्यांसमोर ठेवू, आपल्याकडे सगळं पारदर्शक आहे." मी गेलो. ऑफिसात आठ-दहा शेतकरी, भाऊ, नाना, आणि दाराजवळ भिंतीला टेकून अक्का, हातात वही. मी बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद आला. वर कंपनीचं मोठं चित्र, खाली लॉट नंबर, पास, आणि पास करणाऱ्याच्या जागी अक्कांचं नाव. मी तो कागद या हाताने उचलून भाऊंना दिला.

अक्का पुढे आल्या. कागदावर बोट फिरवत राहिल्या. मग घाबरल्या की त्या अहिराणीवर यायच्या, तशा म्हणाल्या, "बठ्ठं मन्हाच नाववर शे का, दादा? मी ते शिंदखेडाले व्हतू." आणि वही उघडून दाखवायला लागल्या, बाराव्या दिवशी मोजणे, बी जुनं वाटते.

भाऊंनी वहीकडे पाहिलंच नाही. शेतकऱ्यांना म्हणाले, "वहीत काय, मागाहूनही लिहिता येतं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. हे साहेब बसले आहेत, त्यांनीच बनवलंय, विचारा त्यांना." मग माझ्याकडे वळून, "साहेब, नाव कोणाचं आहे?"

त्या खोलीत मला सगळं माहीत होतं. कोणाचंही बोट अक्का होऊ शकतं हे माहीत होतं. आत तो रकाना आहे, त्यात शेड लिहिलेलं असणार, हे माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर दहा माणसांसमोर माझं सॉफ्टवेअर खोटं पडलं असतं, दोन वर्षं चिकटपट्टीवरचा पासवर्ड बघून मी गप्प होतो हेही बाहेर आलं असतं. अक्कांना वाचवायचं तर मला स्वतःला उघडं पाडायचं होतं. मी म्हणालो, "नाव अक्कांचं आहे." वाक्य शंभर टक्के खरं होतं, म्हणून तर त्याची जास्त घाण वाटते.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी पुढे आणखी काही बोलेन अशी वाट बघत होत्या. मी प्रिंटरमधला कागद सरळ करत बसलो. ते म्हातारे आबा उठले, अक्कांना म्हणाले, "अक्का, माझ्या वाफ्यात पहिली मूठ तुम्हीच सोडली होती." त्याच दुपारी अक्कांना घरी बसायला सांगितलं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी तो रकाना बाहेर काढला. शेड. दुपारी बाराच्या सुमारास. कागद छापून भाऊंकडे गेलो, या वेळी कंपनीचं चित्र काढूनच टाकलं होतं. म्हटलं, "भाऊ, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. हे अक्कांनी केलेलं नाही, शेडमधून झालंय."

भाऊंनी कागद बघितला, घडी घालून खणात ठेवला. म्हणाले, "मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं नानाला, पास करून टाक म्हणून."

भाऊ समजूत घालावी तसं म्हणाले, "अहो, शेतकऱ्यांसमोर काय मालकाचं नाव द्यायचं? कंपनी बसली असती. चाळीस माणसं आहेत. अक्का एकट्या आहेत, त्यांचं काय, गावी जातील." आणि चहा मागवला. कुंपणच शेत खात होतं आणि मी कुंपणाला हिरवा रंग देत होतो. तो चहा मी प्यालो. हे लिहिताना मला वगळता आलं असतं, पण प्यालो.

अक्का गावी गेल्या. मी दर सोमवारी जात राहिलो. मला वाटलं होतं, निदान त्यांचं नाव आता सॉफ्टवेअरमधून निघेल. पहिल्याच सोमवारी बघतो तर तिन्ही कॉम्प्युटरवर तोच कागद, कांदा एक दोन तीन चार, आणि त्या आठवड्यातले सगळे लॉट अक्कांच्या नावाने उघडलेले. नानांना म्हणालो, "अहो, ज्या बाईने लॉट बुडवला म्हणून तुम्ही तिला काढलं, तिच्याच नावाने?" नानांनी मान खाली घातली. त्यांनाही लाज होती, नाही असं नाही. म्हणाले, "त्यांनी नव्हता बुडवला ना. हात त्यांचा चांगलाच आहे." म्हणजे बाई नको, हात पाहिजे. मी काहीच केलं नाही. पुढचे सहा-सात महिने रोज सकाळी धुळ्यात अक्का कामावर यायच्या, शिंदखेड्याकडे ओट्यावर बसून.

आखाजीच्या आधी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. पॅकिंगमधल्या एका बाईचं माहेर त्यांच्या गावचं, तिने सांगितलं होतं. आधी लेकीची चौकशी केली, बायकोची केली. मग म्हणाल्या, "दादा, अजून माझ्याच नावाने उघडतात का?"

मी हो म्हणालो.

"इकडे कोणी बोलवत नाही आता. यंदा दिराने रोप टाकलं, पहिली मूठ टाकायला शेजारणीला हाक मारली. मी समोरच होते, ओट्यावर." मग अहिराणीत म्हणाल्या, "मन्हं नाव काढी टाका, दादा. तेवढं करा."

आणि मला ते करता येईना. नाव पुसता येत नाही, अशी व्यवस्था मीच केली होती, मोठ्या अभिमानाने. जुनी प्रत्येक नोंद त्या नावाला बांधलेली. पुढचं बंद करता येतं, मागचं पुसता येत नाही. त्यांना हे मी फोनवर समजावून सांगायला लागलो, आत कसं साठवतात वगैरे, आणि मधेच माझी मलाच शिसारी आली. म्हटलं, "बंद करतो अक्का. आजच करतो." त्या म्हणाल्या, "म्हणजे तो लॉट राहील." मी म्हणालो, "राहील." त्यांनी फोन ठेवला.

बंद केलं. केलं म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन, लॉट उघडत नाही, माणसं बसून आहेत. म्हटलं, स्वतःच्या नावाने उघडा. नाना तयार होईनात. शेड तयार होईना. दहा वाजेपर्यंत पाच फोन आले, मग भाऊंचा आला. मी वैतागून म्हणालो, "आजच्यापुरता माझ्या नावाने उघडा." आणि माझा पासवर्ड सांगितला.

आजच्यापुरता तो आजपर्यंत, वर्ष होऊन गेलं तरी, चालू आहे. चिकटपट्टीखाली आता माझा पासवर्ड आहे. सगळे लॉट मी उघडतो, निकाल मी पास करतो, नशिराबादला झोपलेलो असलो तरी. रिपोर्टमध्ये मी तो कॉम्प्युटरचा रकाना परत आणला आहे, चित्र लहान केलं आहे. तो रिपोर्ट अजून कोणी मागितलेला नाही. उद्या एखादा लॉट बुडला तर यादीत माझं नाव निघेल, आणि यादी छापायला मलाच बोलावतील.

अजून बुडालेला नाही. या आखाजीला पूजा झाली, नारळ फुटला, नानांनी नव्या बियाण्याचं ताट पुढे केलं आणि चार माणसांत म्हणाले, "साहेब, तुमच्या नावाने एकही लॉट वाया गेला नाही. तुमच्या हाताला गुण आहे. पहिली मूठ तुम्हीच घाला." सगळे माझ्याकडे बघत होते. अक्का उभ्या राहायच्या त्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. ज्या हाताने तो कागद उचलून दिला होता तोच हात.

मी मूठ भरली आणि बी ताटातून पुडीत सोडलं.